बांगडीची अक्षरं

नारायणगडाच्या जत्रेत भांड्यांवर नावं कोरणाऱ्या कासाराच्या पालापुढं मी परात घेऊन उभा होतो. माझ्या पुढं एक म्हातारी तांब्या मांडीवर घेऊन बसली होती.

"काय कोरू, मावशी?"

"छबूला आश्रुबाकडून."

"आश्रुबा कोन?"

"माझा भाऊ. छबू म्हंजे मीच. पन अक्षरं बारीक पायजेत, बाबा. गोल. अन् वरची रेघ नको."

"रेघ कावून नको? बोडकी दिसतील की!"

"दिसू द्या. त्यो तसंच लिवायचा. निजामाच्या वक्ताला शाळेत समदं उर्दू, म्हनून मराठी घरीच गिरवायचा. माझ्या फुटक्या बांगडीचे तुकडे ओल्या मातीत दाबून अक्षरं पाडायचा. बांगडीत सरळ तुकडा कुठून येनार?"

"म्हंजे समदं गोलच."

"गोलच. हा घ्या तुकडा, ह्याच्यावरून काढा."

"त्यालाच बोलवा की. बघून सांगंल."

"त्यो रुळाच्या कामाला गेलता. माझ्या लग्नाच्या आदल्या साली."

"मग आला कवा?"

"न्हाई आला."

"अन् ह्यो तांब्या?"

"तुमी कोरा, बाबा."

"कोरतो. पन इतकं बारीक कोरलं तर राखेनं घासून चार सालात पुसून जाईल. आताच सांगतो."

"म्हाईत हाय."

"थांबा, मावशी. हितं आधी बी काय तरी कोरलेलं हाय. लई पुसट झालंय. आश्रुबाच दिसतंय."

"दिसनारच. मागल्या खेपेला बी त्यानंच दिलता."