नीळ ओतल्यावर

(तिघं एकाच व्हिडिओ कॉलवर. आई तिच्या लाँड्रीत, मुलगी लाँड्रीमागच्या ओढ्याकाठी, मामा रस्त्यावर गटाराच्या उघड्या झाकणाशी.)

मुलगी : आई, मशीन सगळी बंद केलीस ना? इथं फेस येतोच आहे.

आई : कधीचीच. तुझे ते नकाशावाले काय म्हणताहेत?

मुलगी : नको विचारूस.

आई : विचारतेय.

मुलगी : ओढ्यात जिथं फेस दिसेल तिथला फोटो नकाशावर टाका, असं मीच माझ्या पर्यावरणाच्या पेजवरून सांगितलं होतं. लोकांनी टाकले. सगळे ठिपके आपल्या लाँड्रीमागे येऊन थांबलेत. आता लिहिताहेत, त्या लाँड्रीला कुलूप लावा. लाँड्री माझ्या आईची आहे हे कुणालाच माहीत नाही.

मामा : अहो पर्यावरणवाल्या बाई, जरा या प्लंबरचंही ऐका. ताईच्या मशीनचं पाणी जातं त्या मोरीचा पाइप मी स्वतःच्या हातानं गटाराला जोडलाय. ओढ्याला नाही.

मुलगी : मामा, आमच्या बाथरूमचा नळही तूच जोडलायस. गरम सोडला की गार येतं.

मामा : ते एकदा झालं.

आई : रोज होतंय. पुरे आता. म्हणूनच तर कपड्यांची नीळ ओततेय मोरीत. गटारात निळं दिसलं तर आपण सुटलो. ओढ्यात दिसलं तर…

मुलगी : तर?

आई : तर बघू. रेकॉर्डिंग चालू कर, आणि मध्ये तोडू नकोस. नाहीतर लोक म्हणतील, सोयीचं तेवढं ठेवलं.

मुलगी : केलं चालू.

आई : ओतली.

मुलगी : मी अगदी पाण्याच्या कडेशी वाकलेय गं.

आई : वाक. फोन तेवढा पाण्यात पाडू नकोस.

मुलगी : आई, निळं. निळं काहीतरी येतंय.

आई : आपल्या बाजूनं?

मुलगी : थांब… पिशवी आहे. प्लास्टिकची. वरून वाहत आलीय.

मामा : अगं, माझा तोल गेला असता इथं.

आई : तुझ्याकडे काय दिसतंय ते सांग.

मामा : काळंच आहे. अजून काळंच… ताई.

आई : बोल ना.

मामा : आलं. निळंशार. इतकं देखणं गटार मी जन्मात पाहिलं नाही.

आई : पोरी, तुझ्याकडे?

मुलगी : काही नाही. पांढरा फेस तेवढा, आधीसारखाच. आपलं पाणी इथं येतच नाही, आई. सुटले मी. किती दिवसांनी धड श्वास घेतेय.

मामा : मी काय सांगत होतो? आता टाक पेजवर, प्लंबरच्या फोटोसकट.

आई : आधी लाँड्रीचं नाव टाक, माझं टाक. आणि लिही, या काठावरच्या प्रत्येकानं आपापल्या मोरीत नीळ ओतून दाखवावी. पलीकडे गाड्या धुतात, त्यांनी पहिल्यांदा. नीळ माझ्याकडून घेऊन जा म्हणावं.

मुलगी : लिहिते. आई, एक सांगू? ओढ्यात निळं आलं असतं ना, तरी मी व्हिडिओ टाकणार होते. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती.

आई : माहीत होतं मला.

मुलगी : आणि तरी ओतलीस?

आई : दोन थेंब टाकले असते तर ओढ्यात कुणाला दिसलंच नसतं. मलाही खरं काय ते कळायला हवं होतं, म्हणून अख्खी बाटली ओतली.