पोरगं मुलाखतीला आलं तवा

आमी मूळचे बेंबळीचे. धाराशिवपासून गाडीवर अर्धा-पाऊण तास, रस्ता धड असला तर. बाप आन् माय दोघं बी दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे, पर मला कवा रानात नेलं न्हाय, म्हणायचे तू शाळंत बस. विहारात थोरली माणसं बसलेली असायची, ती बी तेच म्हणायची, शिक, नोकरी धर. तर म्या शिकलो, आयटीआय केली, फिटर झालो. आता फिटर होऊन बेंबळीत काय करावं, काय सांगू तुम्हाला ताई, तिथं बिघडण्यासारखं मशिन एकच, पिठाची गिरणी, आन् ती गिरणीवाला सवता दुरुस्त करायचा. म्हून गेलाव पुण्याकडं, चाकणला. लगीन झालं, सुमेध झाला, तरी म्या तिकडंच, आन् छाया पोराला घिऊन गावाकडं, म्हाताऱ्यांपाशी.

दिवाळीला यायचो, जत्रंच्या टायमाला यायचो, कुणाचं लगीन-मयत असलं तर यायचो. म्या आलो का पोरगं आईच्या लुगड्यामागं. खाऊ आणलेला घ्यायचं, पर मांडीवर बसायचं न्हाय. एकदा तर त्यानं आईला हळूच विचारलं, हे कवा जाणार हायत. म्या ऐकलं ते. छाया हसली, म्या बी हसलो. हसायचं नव्हतं ताई, पर मग काय करायचं, येणाऱ्या बापानं काय रडत बसायचं?

भरतीच्या कामात म्या कसा पडलो ते सांगतो. कंपनीत माणसं कमी पडली का सुपरवायझर म्हणायचा, गौतमराव, तुमच्याकडली पोरं आणा, कामाला वाघ हायत. म्या आणायचो. एकाला आणलं का त्याचा भाऊ यायचा, भावाचा साडू यायचा. आसं करत करत कंपन्यांला माणसं पुरवणारी एक एजन्सी हाय, त्यांनी मला फिटरकीतून काढून भरतीला लावलं, मनले तुमचा हात पान्यापेक्षा माणसावर चांगला बसतो. मग त्येच मनले, तुम्ही धाराशिवला हापिस टाका, तिथूनच पोरं पाठवा. लई आनंद झाला, वाटलं आता घरी ऱ्हायचं. आन् त्याच साली सुमेधची आयटीआय संपली, इलेक्ट्रिशियनची, आन् त्याला म्याच कामाला लावलं. कुठं, तर चाकणला. जागाच तिथं व्हती. तो तिकडं गेला आन् म्या इकडं आलाव. वाटंत कुठंतरी आमच्या दोघांच्या एसट्या एकमेकीला वलांडून गेल्या आसतील.

तर स्टँडच्या मागं एक गाळा हाय, तेच आमचं हापिस. पोरं येतात बेंबळीची, कळंबची, उमरग्याची. आन् पोरगं येतं तवा संगं मामा येतो. म्या विचारतो नाव काय तुजं, मामा सांगतो. शिक्षण काय, मामा सांगतो. रात्रपाळी जमंल का, मामा मनतो जमंल की. म्हणलं मामा, तुम्हालाच ठिवून घिऊ का मग? राग येतो त्यांला, पर पोरगं हसतं, आन् हसलं का जरा बोलायला लागतं. म्या समद्यांला सांगतो, मुलाखतीला एकट्यानं यायचं, आन् नंबर सवताचा द्यायचा. बापाचा नंबर देतात, बाप रानात, फोन घरी कोनाड्यात, आन् घरातल्या बाया अनोळखी नंबर उचलत न्हाईत का त्यात फसवणूक असती. कितीतरी पोरींच्या जागा अशा गेल्या. त्यांला तर कळलं बी न्हाय का जागा आली व्हती.

दुसरं, काय येतं आसं विचारलं तर कायबी करतो म्हणायचं न्हाय. कायबी म्हंजे कायच न्हाय. मधी दोन साल काय केलं विचारलं तर मनतात घरीच व्हतो. खोदून विचारावं तवा कळतं का घरी म्हंजे काय, तर विहिरीवरली मोटार यानंच उतरवली, यानंच जळालेली वायंडिंग भरून आणली, भावकीतल्या चौघांच्या मोटारी याच्याच जिवावर चालत्यात. अरं मग ते सांग की. घरचं काम म्हंजे काम न्हाय का? आन् तिसरं, नोकरी कशाला पायजे म्हणलं का समद्यांचं एकच, घरची परिस्थिती. परिस्थिती समद्यांचीच हाय बाबा. कंपनीला तुजी परिस्थिती भरायची न्हाय, तिला जागा भरायची हाय. तू तिच्या काय कामाचा ते बोल, घर-दार, माय-बाप ह्ये समदं उंबऱ्याच्या आत ठिवून ये. आसं सांगतो म्या. पोरं लावली आशी म्या, चिक्कार लावली, अजून जत्रंत भेटली तर पाया पडतात.

दिवसभर आसं बोलून बोलून घसा बसतो, पर घरी आलाव का म्या मुका. छाया रोज सुमेधला फोन करती, म्या शेजारी बसून ऐकतो. ती फोन बाजूला धरून मला सांगती, जेवला म्हणं, शेंगदाण्याची चटणी संपली म्हणं, पाय दुखायलाय म्हणं. दिऊ का तुम्हाला मनती, म्या मनतो ऱ्हाऊ दे, थकला आसंल. खरं सांगू का, मला सुचतच न्हाय काय बोलावं. जेवलास का हे तर तिनं विचारलेलं असतं. लोकाच्या पोराला म्या अर्धा घंटा समजावून सांगतो, आन् सवताच्या पोराशी बोलायचं म्हणलं का जिभंला गाठ बसती. आन् आठवण न्हाय आसं न्हाय ताई, लई आठवण येती, जेवताना येती. आमची दोघांची ताटं संगं मांडायची सवयच लागली न्हाय आमच्या घराला, म्या व्हतो तवा तो न्हाय, तो व्हता तवा म्या न्हाय.

छाया मातर बोलून दावती. जगाची पोरं लावली तुम्ही कामाला, आन् माजं एक आणून द्या मनते तर तेवढं जमंना तुम्हाला. म्या म्हणायचो जागा पायजे ना इथं. ती म्हणायची तुम्ही बघतच न्हाईत. कसं सांगावं तिला, म्या रोज तेच बघायचो.

तर आली जागा. धाराशिवच्या एमआयडीसीत एक नवीन कारखाना झाला, प्लास्टिकच्या पायपांचा, त्यांला मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन पायजे व्हता. एकच. भरती आमच्याकडं. म्या आधी मॅनेजर साहेबांला फोन केला, मनलं साहेब, माजा सवताचा मुलगा बी अर्ज करणार हाय, तवा ह्या जागंची निवड तुमी करा, म्या नसतो. साहेब सोलापूरचे, माणूस सरळ. मनले, सांगितलंत ते बरं केलं, तुम्ही बसा, पोरं तेवढी आत सोडा, पण बोलायचं नाही. मग छायानं सुमेधला कळवलं. तो दोन दिसांची रजा टाकून आला.

सकाळी गाडीवर त्याला मागं बसवून निघालाव. रस्त्याला समदं सांगितलं त्याला, जे लोकाच्या पोरांला सांगतो तेच. सरळ बस, साहेबाच्या तोंडाकडं बघून बोल, केलेलं काम सांग. आन् चाकण कशाला सोडतोस विचारतील, तर म्हणायचं मला पूर्ण जिम्मेदारीचं काम पायजे. घराचं नाव काढायचं न्हाय. तो मागून मनला, बरं. मग बेंबळी मागं पडली, रान लागलं. त्याचा हात माज्या खांद्यावर व्हता, खड्ड्यापायी धरलेला, तो त्यानं सपाट रस्त्याला बी काढला न्हाय.

मुलाखतीला साहेब टेबलापाशी, म्या बाजूला खुर्चीवर, हाताची घडी घालून. साहेबांनी मोटारीचं विचारलं, पॅनलचं विचारलं. पोरगं आसं बोललं ताई, म्या बघतच राह्यलो. आधी मेन बंद करतो सर, त्याला कुलूप घालतो, किल्ली खिशात, मगच हात लावतो. साहेब मान हलवायलेत. मला वाटलं झालं काम. मग साहेबांनी विचारलं, चाकणला चांगली कंपनी आहे, इकडं का यायचंय?

तो मनला, सर, वडील हायत इथं.

साहेब माज्याकडं न बघता मनले, का, तब्येत बरी नसते का त्यांची? तो मनला, न्हाय सर, चांगले हायत. म्या लहान व्हतो तवा ते चाकणला व्हते. म्या चाकणला गेलो तवा ते इकडं आले. आईसंगं म्या समदं बालपण काढलं सर, वडलांसंगं एका घरात सलग कवा ऱ्हायलोच न्हाय. कसे हायत ते मला धड म्हाईत बी न्हाय. कामावरनं घरी यायचं, आन् ते घरी असावेत, एवढंच सर.

म्या खाली फरशीकडं बघायलो.   इतक्या सालात पोरगं मला जे बोललं न्हाय ते परक्या माणसाला बोललं, आन् त्याच्यापायी जागा चाललेली मला दिसत व्हती.

समदी पोरं झाल्यावर साहेबांनी दार लावलं. मनले, गौतमराव, मुलगा कामाचा आहे, मनानं त्याहून चांगला आहे. पण घर इतकं जवळ असलेला माणूस मला नको वाटतो. लग्न निघतं, मयत निघते, पाऊस पडला की पेरणी निघते. मशिन बंद पडलं आणि हा गावाला गेलेला, असं नको. पुण्याच्या कंपन्यांला म्या सवता हेच सांगून पोरं देतो का घर लांब हाय साहेब, सुट्टी मारायचे न्हाईत. धंदाच तसा हाय. नांदेडकडलं एक पोरगं घेतलं त्यांनी. ते बी चांगलंच व्हतं, कुणाचं तरी लेकरूच ते.

सुमेध तवर चाकणला परत गेलेला. आता आमच्या धंद्यात ज्याचं काम झालं न्हाय त्याला कोण फोन करत न्हाय, पोरगं आपलं वाट बघत बसतं. म्या करतो. वाट बघणं म्या घरात बघितलंय, म्हून करतो. छाया मनली, म्या सांगते त्याला. म्या म्हणलं न्हाय, माजं काम हाय.

फोन लावला तर उचलल्या उचलल्या घाबरून मनतो, पप्पा, काय झालं, मम्मी बरी हाय न्हवं? म्हणजे बघा, बापाचा फोन आला तर पोराला पयलं मयतच आठवावं. म्या म्हणलं बरी हाय, भाकरी करायली. आन् मग दुसरं कायच सुचंना म्हून समद्यांला बोलतो तेच बोललो, तुमचं काम चांगलं हाय, पर ह्या जागंला ह्या टायमाला जमलं न्हाय, नाराज व्हऊ नका. सवयीनं तुमचं म्हणालाव पोराला. तो मनला, बरं सर. आन् हसला. मला बी हसू आलं.

वाटलं आता ठिवंल. त्यानं ठिवला न्हाय, म्या बी ठिवला न्हाय. मग तोच मनला, पप्पा, तुमी इथं व्हता तवा जेवायला कुठं जायचे? म्या सांगितलं, चौकाच्या अलीकडं एक मावशी डबा द्यायची, वरण पाणीदार पर ठेचा लई झणझणीत. तो मनला, अजून हाय ती खानावळ, सून चालवती, म्या तिथंच जेवतो. म्या म्हणलं, वरण? तो मनला, तसंच. मग खोलीचं निघालं, कंपनीच्या गेटचं निघालं, पाणी कवा येतं त्याचं निघालं. भाकऱ्या निवून गेल्या, छाया दारात उभी ऱ्हाऊन नुसती बघायली.

आता म्या करतो फोन. दर रविवारी तर करतोच, मधी बी करतो. छाया कुरकुर करती का माजा नंबर लागू देत न्हाईत. इथं परत जागा निघाली तर कळवीन त्याला, पर त्यानं तरी किती वाट बघावी, तिकडं बढती मिळायली त्याला, उद्या लगीन व्हईल, लेकरू व्हईल. त्याला एकच सांगितलंय, बायको-लेकराला संगं ठिव, मग ते चाकण असू दे न्हायतर अजून कुठं. पोरगं सुखात ऱ्हावं, समद्यांचीच ऱ्हावीत. म्या काय, म्या हाय इथंच. पर सांजच्याला जेवायला बसलं आन् दारात गाडी थांबल्याचा आवाज आला, का घास हातात तसाच ऱ्हातो बगा ताई, कोण आलं ते कळंपर्यंत.