ऑइल खाली

पोलीस थाना, भिलाई
दि. १४/१०/२०२४, दुपारी ३ वाजून २० मिनिटे

मी राजदीप चंपत रामटेके, वय २३ वर्षे, धंदा पिकअप गाडीवर ड्रायव्हर, शिक्षण आठवी (परीक्षेला बसलो नाही), सध्या राहणार मरोदा, भिलाई, बाबाराव खोब्रागडे यांच्या घरामागच्या खोलीत, मूळ गाव चिचोली, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. थान्यात समोर बसून, कोणी शिकवल्याशिवाय, सांगतो की,

मला हिंदी बोलता येते. तरीही माझा जबाब मराठीत घ्यावा अशी मी विनंती केली, कारण आजचे सगळे प्रकरण माझ्या हिंदीमुळेच झालेले आहे. प्रधान आरक्षक (हेड कॉन्स्टेबल) मृणाल मॅडम यांना मराठी लिहिता येते म्हणून त्यांनी लिहून घेतले. याचे हिंदी जेव्हा होईल तेव्हा तेही मला वाचून दाखवावे.

मी ऑगस्ट २०२३ पासून भिलाईत आहे. त्याआधी नागपूरला हॉटेलात चार महिने, पुण्याला गोदामात सहा महिने, मग वडशाला राइस मिलवर होतो. मॅडमने विचारले की सगळीकडचे काम कावून (का) सोडले. भांडण कुठेच नाही. मन लागत नव्हते. बाबाराव खोब्रागडे हे माझ्या वडिलांच्या गावचे, चाळीस वर्षांपासून इकडे आहेत, स्टील प्लांटमधून रिटायर झाले. मी त्यांना काका म्हणतो. मी गाडी चालवतो असे म्हटल्यावर त्यांनी नवी पिकअप घेतली. गाडी त्यांच्या नावावर आहे, चालवतो मी एकटा. या गाडीवर मला चौदा महिने झाले. इतके मी कुठे राहिलो नाही.

गाडीची वॉरंटी तीन वर्षांची आहे. तिन्ही सर्व्हिसिंग कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, जी. ई. रोडवर, वेळेवर केल्या. पुस्तकात शिक्के आहेत. पुस्तक सोबत आणले आहे. रोज सकाळी गाडी काढण्याआधी मी ऑइलची पट्टी काढून पाहतो. पट्टी पुसायचे फडके ड्रायव्हर सीटच्या मागे आहे, पाहिजे तर पाहावे.

दि. ३/१०/२०२४ रोजी रसमड्याच्या कारखान्यातून तारेची बंडले भरून दुर्गकडे निघालो. अंदाजे दोन वाजून तीस मिनिटांनी ऑइलचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेऊन तिथेच बंद केली. उतरून वाकून पाहिले तर इंजिनखालून धार लागलेली होती आणि जमिनीवर काळे डबके झाले होते. मी फोनमध्ये फोटो काढला. काकांना फोन लावला, लागला नाही. दुपारी ते झोपतात. म्हणून दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी बोलून मेसेज पाठवला. मग कंपनीच्या मदत नंबरवर फोन केला. त्यांची गाडी साडेचारला आली आणि माझी गाडी टोचन करून वर्कशॉपला नेली. रस्त्यात इंजिन चालू केले नाही.

वर्कशॉपला खुशबू मॅडम गाडी लिहून घेतात. त्यांच्या हातात टॅबलेट होता. त्यांनी विचारले, "भैया, क्या प्रॉब्लम है?" मी गाडीखाली बोट दाखवून म्हटले, "मॅडम, ऑइल खाली है. पूरा ऑइल खाली है." त्या गाडीकडे पाहत नव्हत्या, टॅबलेटकडे पाहत होत्या. त्यांनी म्हटले, "पूरा खाली?" मी म्हटले, "हाँ, पूरा." नंतर त्यांनी टॅबलेट माझ्याकडे फिरवून म्हटले, "यहाँ साइन कर दो." मी काचेवर बोटाने सही केली. ती सही गांडुळासारखी आली पण माझीच आहे. वर इंग्रजीत लिहिले होते, त्याला ते जॉब कार्ड म्हणतात. मला इंग्रजी वाचता येत नाही. वाचून दाखवा असे मी म्हटले नाही, मागे दोन गाड्या उभ्या होत्या.

त्यानंतर वर्कशॉपच्या माणसाने गाडी रॅम्पवर चढवायला चावी मारली. मी म्हटले चालू करू नका. तो म्हणाला, "दो मिनट की बात है." एका मिनिटात खडखड आवाज आला आणि इंजिन जाम झाले. त्या माणसाचे नाव मला माहीत नाही. तो वाईट माणूस नाही. त्याने मागून मला कोपऱ्यात बोलावून सांगितले, "सील कटे हे भाई, तोर गलती नइ हे." म्हणजे ऑइलचे सील कापले गेले आहे, चूक माझी नाही. हे तो इथे येऊन सांगेल का, ते मला माहीत नाही.

दि. ५/१०/२०२४ रोजी वर्कशॉपने कागद दिला की वॉरंटी मिळणार नाही. कारण असे की ड्रायव्हरने स्वतः सांगितले आहे, ऑइल रिकामे होते, तसेच गाडी चालवली, म्हणून हा ड्रायव्हरचा निष्काळजीपणा आहे. इंजिनाच्या खर्चाचा अंदाज वेगळ्या कागदावर आहे, तो मी जोडला आहे, तोंडाने सांगत नाही.

तो कागद काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला. त्यांना इंग्रजी येते. ते म्हणाले, "लिहून हाय का ऑइल नव्हतं. सही तुही हाय. पट्टी पाहाले काय सरकारी माणूस लागते का बे?" मी म्हटले, "काका, मी रोज पाहतो." ते म्हणाले, "मग सही कावून केली?" पुढे ते म्हणाले, "चंपतनं मले सांगितलं होतं, पोरगं कुठं टिकत नाई. मीच नाई ऐकलं." त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. डबा त्यांच्या घरूनच येत होता. डब्यात काही कमी नव्हते.

दि. ९/१०/२०२४ रोजी काकांच्या पत्नी साधना काकू डबा घेऊन स्वतः खोलीवर आल्या. त्यांनी विचारले, "तू त्या पोरीले नेमकं काय म्हटलं, जसंच्या तसं सांग." मी सांगितले, ऑइल खाली है म्हटलं. काकू आधी हसल्या, मग कपाळावर हात मारून खालीच बसल्या. म्हणाल्या, "अरे बापा, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आपलं खाली म्हणजे त्यायचं नीचे." त्यांनी सांगितले की नवीन लग्न होऊन क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईने आवाज दिला आणि यांनी म्हटले, मैं खाली हूँ. म्हणजे खालच्या मजल्यावर आहे. ती बाई समजली की ही रिकामी बसली आहे. आपले दोन लेकरे आणून दिले आणि बाजाराला गेली, ती संध्याकाळी आली.

मी चौदा महिने इकडे हिंदी बोलून राहिलो. हमालांशी, गोदामवाल्यांशी, नाक्यावर. इतक्या दिवसांत हा शब्द कुठे अडला नव्हता. रिकामे म्हणायचे असते तर मी रिकामे म्हटले असते. मॅडमने हे वाक्य लिहावे की नाही विचारले. लिहावे.

दि. १०/१०/२०२४ रोजी मी वर्कशॉपला गेलो. खुशबू मॅडमला फोटो दाखवला आणि शब्दाचा फरक सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, "भैया, मैंने तो वही लिखा जो आपने बोला. अब कार्ड क्लोज हो गया, मेरे हाथ में नहीं है." त्या खोटे बोलत नव्हत्या. मग मी मॅनेजरकडे गेलो. मॅनेजरने फोटो पाहिला नाही. म्हणाला, "गाड़ी की वारंटी होती है, भाषा की नहीं होती." तिथे बसलेले दोन जण हसले. मी म्हटले की खालीचा अर्थ रिकामे असा तुम्हाला कळला होता, तर रिकाम्या इंजिनला तुमच्या माणसाने चावी कावून मारली? आणि जमिनीवर असा कळला होता, तर कागदावर रिकामे कावून लिहिले? दोन्हीपैकी एक सांगा. तो म्हणाला, लंच टाइम आहे. तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटे होती. कापलेले सील मागितले, तर कचऱ्यात गेले म्हणाला.

दि. १२/१०/२०२४ रोजी धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. मरोद्याच्या विहारातून दरवर्षी दीक्षाभूमीला भोजनदानाचे तांदूळ जातात. यंदा ते आमच्या गाडीने न्यायचे ठरले होते, काकांनी विहारात तसा शब्द दिला होता. गाडीला लावायचे बॅनर छापून आले होते, खाली लहान अक्षरात ड्रायव्हर म्हणून माझे नाव होते. तांदूळ दुसऱ्याच्या गाडीने गेले. काका बसने गेले. मी गेलो नाही. बॅनर माझ्या खोलीत घडी करून आहे. याचा तक्रारीशी संबंध नाही असे मॅडम म्हणाल्या, तरी मी लिहायला सांगितले.

आज दि. १४/१०/२०२४ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी वर्कशॉपला गेलो. गाडी भिंतीजवळ उन्हात काढून ठेवली होती. बोनेट नीट लावलेले नव्हते, आत पाला पडला होता. मी आत जाऊन बोर्डावरची गाडीची चावी उचलली. हे कोणाला विचारून केले नाही, कबूल आहे. नंतर दोन ओळखीच्या हमालांच्या मदतीने गाडी ढकलून मोठ्या गेटमध्ये आडवी लावली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि आत बसलो. हमालांची नावे मी सांगत नाही, त्यांना फक्त धक्का मारा म्हटले होते. साडेबारापर्यंत बसलो. चार गाड्या आत अडकल्या. एक माणूस दवाखान्यात जायचे आहे म्हणाला, तेव्हा मी उतरून त्याची मोटारसायकल बाजूने काढून दिली.

मॅनेजरने आज थान्यात दिलेल्या अर्जात लिहिले आहे की मी मारण्याची धमकी दिली. ते खरे नाही. मी एक शब्द वापरला, तो बायांसमोर बोलायचा नाही म्हणून इथे बोलत नाही. त्याचा अर्थ मराठीत आणि हिंदीत एकच आहे. त्याबद्दल मी माफी मागतो. काच फोडली, कागद फाडले, हे खरे नाही. पोलीस आल्यावर मी स्वतः गाडी मागे घ्यायला लावली आणि चावी थान्यात जमा केली.

गाडीमालक म्हणून बाबाराव खोब्रागडे यांना थान्यात बोलावले. ते दोन वाजता आले आणि बाकावर माझ्यापासून दूर बसले. मॅडमने मला विचारले की त्या दिवशी जमिनीवर ऑइल पडले होते हे वर्कशॉपला जाण्याआधी कोणाला सांगितले होते का. मी म्हटले, काकांना मेसेज केला होता. काका म्हणाले, "मले काही सांगितलं नाई यानं." मला वाटत होते त्यांनी ऐकला आणि तरीही विश्वास ठेवला नाही, म्हणून मी ते पुन्हा काढले नव्हते. मॅडमने त्यांचा फोन मागून पाहिला. सकाळच्या नमस्काराच्या फुलांच्या फोटोंखाली माझा मेसेज होता, दि. ३/१०, दोन वाजून एक्केचाळीस मिनिटे. तो उघडलाच नव्हता. काका म्हणाले, "हे बोलायचं असते का? मले वाटे फोटो उघडून नाई राह्यला."

मॅडमने तो मेसेज सगळ्यांसमोर लावला. त्यात माझा आवाज आहे. मागून ट्रकचा हॉर्न आहे. मी बोललो ते असे: "काका, दिवा लागला. ऑइल खाली पडून राह्यलं, धार लागली हाय. मी गाडी जागीच बंद केली. इंजिन नाई चालवत मी. तुमी उठले का फोन करा." मॅडमने ते दोनदा लावले. दुसऱ्यांदा काकांनी सांगितले म्हणून लावले. मेसेज व फोटोची प्रत थान्यात दिली आहे.

माझे म्हणणे इतकेच आहे की वर्कशॉपच्या कागदावर माझ्या तोंडी जे रिकामे लिहिले आहे ते मी बोललो नाही. तो शब्द दुरुस्त करावा आणि वॉरंटीचा दावा पुन्हा पाहावा. या जबाबाची प्रत मिळावी, ती काका ग्राहक मंचात लावणार आहेत. हे ते आता बाकावरून म्हणाले, आधी ठरलेले नव्हते.

चावी कोणाला द्यायची असे मॅडमने मालकाला विचारले. काका उभे राहून म्हणाले, "मले कायले देता? त्याले द्या. ड्रायव्हर तो हाय." चावी मला मिळाली. गाडी अजून बंदच आहे.

वरील जबाब मॅडमने सावकाश वाचला, मी मध्ये तीन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावला. मी बोललो तेच लिहिले आहे आणि लिहिले आहे तेच मला समजले आहे. त्यात माझ्या तोंडी जिथे ‘खाली’ आहे तिथे अर्थ जमिनीवर असा घ्यावा. या मजकुराच्या खाली पेनाने सही करतो. सहीच्या खाली जी जागा रिकामी राहिली, तिच्यावर मॅडमने माझ्या डोळ्यांदेखत तिरपी रेघ मारली.

(सही) राजदीप चंपत रामटेके

समक्ष
(सही) मृणाल, प्रधान आरक्षक
(सही) बाबाराव खोब्रागडे, गाडीमालक, वाचताना हजर