इंग्लंडची चॅनेलं

(आयर्लंडमधल्या लिट्रिम भागातलं एक शेतघर. नोरीन आणि तिचा थोरला भाऊ मर्टी, दोघंही सत्तरीपुढचे.)

नोरीन : त्या रविवारी वारा कुठं होता, मर्टी? पान हलत नव्हतं.

मर्टी : वाऱ्यानंच फिरली डिश. दुसऱ्या दिवशी मीच नाही का शिडी लावून सरळ केली?

नोरीन : खुर्चीतून उठताना कण्हतोस, आणि शिडी चढलास.

मर्टी : मग काय करू? इंग्लंडची चॅनेलं दिसेनात म्हणून जीव खाल्लास माझा. अँटेनावर आपली चॅनेलं होती की! बातम्या होत्या, फुटबॉल होता.

नोरीन : सकाळी शेजारची ब्रीज येऊन गेली. हरवलेली माणसं शोधून देतात ना, तो इंग्लंडचा कार्यक्रम... म्हणाली, त्या रविवारी त्यात लीड्सची एक बाई होती. हसली की अगदी तू.

मर्टी : ब्रीजच्या जिभेला हाड नाही.

नोरीन : लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना ठेवायचे ना, त्या नन्सच्या आश्रमात जन्मलेली. आईला शोधत होती.

मर्टी : अशा ढिगानं असतील.

नोरीन : तिची आई लिट्रिमची, मर्टी. आणि कार्यक्रमवाले तिला म्हणाले, आई आहे, पण तिला तुम्हाला भेटायचं नाही. मला कुणी विचारलं? घरातला फोन तू उचलतोस.

मर्टी : उचलला. गोड बोलत होती ती कार्यक्रमवाल्यांची पोरगी. म्हटलं, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं, नाही म्हणते.

नोरीन : मी कुठं होते?

मर्टी : मागं कोंबड्यांना दाणे टाकत होतीस.

नोरीन : का केलंस असं?

मर्टी : तू गेली असतीस लीड्सला. माझं कोण करणार होतं? शिवाय बापानं तुला परत घरात घेतलं ते याच बोलीवर, त्या पोरीचं नाव काढायचं नाही.

नोरीन : बाप केव्हाच मेला.

मर्टी : मी आहे ना.

नोरीन : आणि तू बघितलास कार्यक्रम?

मर्टी : पबमध्ये लागला होता.

नोरीन : म्हणजे सगळ्या गावानं माझी पोर बघितली. मी इथं फुटबॉल बघत बसले.

मर्टी : राग नव्हता तिला. म्हणाली, आईला त्रास देऊ नका.

नोरीन : माझा कोट दे. ब्रीजची सून लावून देईल त्यांना फोन. मी स्वतः बोलते तिच्याशी.

मर्टी : बस खाली, नोरीन.

नोरीन : कोट दे म्हणते ना!

मर्टी : ब्रीजनं शेवट सांगितला नाही वाटतं तुला.

नोरीन : कसला शेवट?

मर्टी : आजारी होती ती. म्हणून तर शोधत होती. सगळं संपल्यावर काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत गेली म्हणून. पबमधल्या लोकांनी तिच्यासाठी टोप्या काढल्या.

नोरीन : तू?

मर्टी : सगळ्यांनी काढल्या. मीही काढली.