‘तात्पुरतं’ नावाची फाईल

...आणि वर मलाच विचारतात, “सर, हे सगळं तुमच्या डोक्यातच आहे? कुठे लिहिलेलंच नाही?” अहो, डोक्यात नाही ठेवायचं तर कुठे ठेवायचं? तुम्हाला सांगतो, रक्ततपासणीच्या लॅबची ती वेबसाईट, लोक नंबर टाकतात, आपला रिपोर्ट बघतात, एवढंच तिचं काम, ती अकरा वर्षं मी या दोन हातांनी चालवली! बंद पडली, चालू केली. पुन्हा पडली, पुन्हा चालू केली. कुठे काय आहे ते मला ठाऊक आणि सर्व्हरला ठाऊक. आणि मग आल्या यादीबाई!

यादीबाई हे नव्या इंजिनिअरबाईंना आम्ही ठेवलेलं नाव. कारण त्यांचा तो नवा पॅकेज मॅनेजर, म्हणजे माणूस नव्हे हो, सर्व्हरवर बाकीचे प्रोग्राम बसवणारा प्रोग्राम. त्याला म्हणे ‘हे कर, ते कर’ सांगायचंच नाही! मग? एका फायलीत नुसतं लिहायचं, सर्व्हरवर काय काय असायला हवं. कुठला प्रोग्राम, कुठली आवृत्ती... बाकी तो बघून घेतो, शून्यापासून सगळं उभं करतो, दहा मशीनवर करा, दहाही सारखी. आणि फोल्डरांची नावं कशी देतो? मांजर कीबोर्डावरून चालत गेल्यासारखी! मी म्हटलं, ठीक आहे, पण जे लिहायचं राहिलं त्याचं काय? बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “फायलीत नाही ना सर? मग ते नाहीच.”

नाहीच! अंगावर काटा आला माझ्या. हसू नका, खरंच आला.

तीन आठवडे माझी उलटतपासणी. “सर, हे कोण चालू करतं?” मी. “केव्हा?” आठवेल तेव्हा. “फायलीत नाही? मग ते नाहीच.” लिहा! “आणि हे?” लिहा!... शेवटी एके दिवशी चार लोकांसमोर विचारतात, “सर, तुमच्या फोल्डरमध्ये ‘तात्पुरतं’ नावाची फाईल आहे. अकरा वर्षांपूर्वीची. यादीत घ्यायची का?” आता सांगा, काय बोलणार? अकरा वर्षांचं तात्पुरतं! लाज वाटली हो. मी आपला घाईघाईने, “छे छे, नावच बघा ना, तात्पुरतं आहे ते!” “नक्की?” “नक्की!” त्यात काय होतं ते मला आठवत होतं का? मुळीच नाही!

मंगळवारी सकाळी अकराला त्या यादीवरून नवी साईट चढवली. चार मिनिटं! पडद्यावर सगळं हिरवंगार, टाळ्या, पाठीवर थापा. साईट पळायलाच लागली. कुणाचा फोन नाही, तक्रार नाही... अकरा वर्षांत इतकी शांतता मी ऐकली नव्हती. मला तर भीतीच वाटायला लागली.

आणि फोन वाजला. ताई. माझी सख्खी मोठी बहीण. सारखा थकवा येतो म्हणत होती, म्हणून मीच परवा तिला आमच्या लॅबमध्ये आणून रक्त द्यायला लावलं होतं. “अरे, रिपोर्ट आला बघ माझा, किती पटकन आला! पण यात एक आकडा लाल आहे रे. पुढे काहीतरी लांबलचक नाव लिहिलंय. लाल म्हणजे काय रे?”

तेव्हा आठवलं, ‘तात्पुरतं’मध्ये काय होतं. तेव्हा! जुन्या डॉक्टरांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं ते: रिपोर्ट वाईट असेल तर पडद्यावर येऊ द्यायचा नाही. आधी पेशंटला बोलवायचं, समोर बसवायचं, डॉक्टरांनी स्वतः सांगायचं, मग दाखवायचा. बारा ओळी होत्या हो, फक्त बारा! पण फायलीत नाहीत ना? मग त्या नाहीतच!

फोनवर हात ठेवून ओरडलो, “मागे घ्या! सगळं मागे घ्या!” यादीबाईंनी का म्हणून विचारलं नाही, माझा चेहराच तसा असणार. त्या पॅकेज मॅनेजरची शेखी हीच तर, जुनं पुसत नाही, बाजूला जपून ठेवतो, एक ओळ टाकली की कालचा सर्व्हर जसाच्या तसा परत. आणि आला की! चार सेकंदांत सगळं कालच्यासारखं, ‘तात्पुरतं’सकट.

मी फोन कानाला लावला.

“अरे, गेलं बघ!” ताई हसत होती. “लाल गेलं, पान कोरं झालं! तूच काढलंस ना रे? बाई गं, केवढी घाबरले होते मी... तुझ्या हाताला गुण आहे हं!”

काय करणार? ‘हो’ म्हटलं.