मधलीची झोपडी

नको, तिकडं नको जाऊस केरसुणी घेऊन, उलोमा. ती झोपडी धनी स्वतःच झाडतात. मलासुद्धा हात लावू देत नाहीत — मला, थोरलीला! बस इथं, या बिया सोलू लाग माझ्याबरोबर. रिकामी? रिकामी कशी, मधलीची आहे ती. मी थोरली, तू धाकटी, मग मधे कुणीतरी असेलच की नाही? लग्नाआधी कुणी बोललं नाही तुझ्याशी? तुझ्या आईला ठाऊक होतं. मागणीच्या वेळी पाहुण्यांपुढं कोलाची बी फोडताना तिनं चारदा विचारलं, माझ्या पोरीला पाण्याला एकटीला धाडणार नाही ना, म्हणून. हल्ली सगळ्याच आया विचारतात. पुरुष शेतावर बंदूक घेऊन जातात, पोरांना झाडावर टेहळायला बसवतात — पूर्वी असं नव्हतं म्हणे, माझी आजी तीन गावं एकटी चालत जायची.

ओरिआकू तिचं नाव. धनाचा उपभोग घेणारी! आणि झालंही तसंच. मी या घरात आले तेव्हा कोनफळाचा एक वेल नव्हता इथं. रान मी साफ केलं, मातीचे ढीग मी ओढले, पाठीवर एक पोर आणि पोटात दुसरी. कोठार भरलं — आणि मग ही आली. करायची काय? हसायची. मान मागं टाकून, अशी, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. धनी तिच्या दारात माडी पीत बसायचे आणि मी इकडं चुलीपाशी बसून मोजायची, किती वेळा हसली. सुगीतलं पहिलं कोनफळ थोरलीच्या हातात देतात, तो मान माझा. दिलं की! दरवर्षी दिलं. पण डोळे तिच्याकडं. कोनफळ माझ्या हातात आणि डोळे तिच्याकडं! तू म्हणशील, थोरलीचं मन लहान. म्हण बाई, म्हण.

वाईट होती का? छे गं. वाईट असती तर सोपं होतं. माझ्या तिन्ही मुलींच्या वेण्या तीच घालायची. मला अक्का म्हणायची. दिवस गेले तेव्हा सगळ्यांआधी मला सांगितलं तिनं, धन्यांनाही नाही — अक्का, तुलाच पहिल्यांदा सांगते, म्हणाली, आणि माझा हात धरून पोटावर ठेवला. मला तीन मुलीच. हिला मुलगाच होणार, हे माझ्या हाताला तेव्हाच कळलं.

त्याच आठवड्याच्या बाजाराला तो अरो लोकांतला व्यापारी आला. मीठ, कापड, बंदुका. धन्यांकडंच उतरला, अरोंच्या देवाला भिऊन त्यांना कोण नाही म्हणणार? आणि परत जाताना ते लोक काय नेतात हे कुणाला ठाऊक नाही! माणसं. नदीनं खाली, खाऱ्या पाण्यापर्यंत, तिथं गोऱ्यांची जहाजं उभी असतात. कुणी म्हणतं गोरे खातात त्यांना, कुणी म्हणतं पलीकडच्या शेतात मरेस्तोवर राबवतात. परत आलंय कोण, विचारायला? मी त्याला पाणी द्यायला गेले, तर पलीकडून ते हसू. ही कोण हो हसणारी, म्हणाला. म्हटलं, मधली. मग म्हणाला, तुमच्याकडं बायका पाण्याला घोळक्यानं जातात वाटतं? मी म्हटलं, सगळ्या जातात — मधली तेवढी एकटीच जाते, सकाळी, वरच्या झऱ्यावर. बस, एवढंच. पाहुण्यानं विचारलं तर बोलायचं नाही का? टोपलंभर मीठ पुढं केलं त्यानं. नाही घेतलं मी. चिमूटभरसुद्धा नाही! घेतलं असतं तर कुणी बोट दाखवलं असतं माझ्याकडं.

काय? जायचीच का ती तिकडं? — जायला लागली. पोटुशीला वरच्या झऱ्याचं पाणी चांगलं, मीच सांगितलं तिला. त्याच संध्याकाळी. चांगलंच असतं ते पाणी, खोटं नाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी झऱ्यावर नुसती तिची घागर सापडली. भरलेली होती, काठाशी नीट टेकवून ठेवलेली. धनी आणि त्यांचे भाऊ सहा दिवस माग काढत गेले. नदीकाठच्या बाजारात एका मासेवालीनं सांगितलं, होडीत होती, आणखी अकरा जणांबरोबर मानेला दोर बांधून. धनी परतले तेव्हा पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले. मी मिरीचं सार केलं, ते त्यांनी संपवलं. मला वाटलं, चला, आता माझे झाले.

माझे! आठ वर्षं झाली. पावसाळ्याआधी पहिली तिची झोपडी शाकारतात, मग माझी. माझ्याशी बोलणं म्हणजे तेल संपलं का, शेळी बांधली का. समोरच्या सवतीशी भांडता तरी येतं गं, नसलेलीशी काय करायचं? मी म्हातारी होत चालले आणि ती अजून तेवढीच तरणी. आणि तू फार मिरवू नकोस — तुला का आणलं ठाऊक आहे? बाजारात हसलीस म्हणून. मी होते बरोबर. ऐकलं आणि जागच्या जागी थांबले ते.

पोटातल्याचं मात्र त्यांना अजून माहीत नाही. मला, आणि आता तुला.

अगं, बिया सांडल्या सगळ्या! उठलीस कशाला? अशी बघतेस काय, मी काय दोर बांधला तिच्या गळ्यात? — कुठं निघालीस? त्यांना सांगायला? कोठारापाशी आहेत, कोनफळं बांधतायत. जा, सांग. आठ वर्षांत एकदा, एकदासुद्धा त्या माणसानं तेला-शेळीपलीकडं मला काही विचारलेलं नाही. आज येईल. इथं, या चुलीपाशी येऊन उभा राहील आणि माझ्याकडं बघून विचारेल. जा म्हणते ना, उभी काय राहिलीस!