दोघांचं एकच लॉगिन

(कारखान्याची कंट्रोल रूम. सासरे आणि जावई. दार आतून लावलेलं.)

सासरे : पडद्यावर काय आलं, तेवढं सांगा. शब्द न् शब्द.

जावई : 'हा पट्टा तुम्ही बंद करून कुलूप लावलं आहे. कुलूप काढायचं?' असं आलं.

सासरे : तुम्ही?

जावई : तुम्ही म्हणजे तुम्हीच, मामा. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर मी तुमच्याच नावानं लॉगिन केलं होतं ना. माझ्या लॉगिनचा अर्ज तीन महिने पडून आहे.

सासरे : हं. पासवर्ड मीच दिला होता. पुढे बोला.

जावई : मला वाटलं, कुलूप काढायचं विसरून तुम्ही जेवायला गेलात. वरून साहेबांचे फोनवर फोन, माल का अडलाय म्हणून. मी 'होय' दाबलं. फिटर आत वाकून दगड काढतोय हे ठाऊक असतं तर...

सासरे : ज्यानं कुलूप लावलं त्यालाच ते काढता यावं, एवढ्यासाठीच ते होतं. मशीनला काय कळणार, एका नावाची दोन माणसं दोन कॉम्प्युटर वापरतायत.

जावई : एक फोन करायला हवा होता मी तुम्हाला.

सासरे : हो. हवा होता.

जावई : त्याच्या बायकोला कोणी सांगितलं?

सासरे : दुपारी मीच गेलो. दारात बघून म्हणाली, बसा, येतीलच ते एवढ्यात.

जावई : मला नाही सहन होत, मामा. उद्या चौकशीत मी सगळं सांगून टाकतो.

सासरे : काही सांगायचं नाही. घाईत मीच पट्टा सुरू केला, असं लिहून दिलंय मी. म्हणून तर पडद्यावरचं विचारलं. उद्या मला ते नीट सांगता आलं पाहिजे.

जावई : हे काय करून बसलात? दोन कॉम्प्युटर होते, हे निघेलच की.

सासरे : निघू दे. दोन्हीकडे नाव माझंच आहे. एकावर बंद केला, केबिनमध्ये जाऊन दुसऱ्यावर सुरू केला, म्हणेन. पासवर्ड दिल्याबद्दल माझी नोकरी तशीही जाणार. दोघंही घरी बसलो तर पोरीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

जावई : पण तुम्ही केबिनमध्ये नव्हताच. तुम्ही खाली पट्ट्यापाशी होता, त्याला बॅटरी धरून.

सासरे : ते त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही.